मन किती चिवट? शंभरपैकी ऐंशी!

ताप मोजायला थर्मामीटर, साखर मोजायला ग्लुकोमीटर, रक्तदाब मोजायला दंडाला आवळायचा पट्टा. पण संकट कोसळलं तर माणूस किती लवकर सावरेल आणि त्या वेळी आपल्यामागे कोण उभं राहील याची त्याला किती खात्री आहे, हे मोजायचं कशानं? मानसशास्त्रज्ञ म्हणतात, कागद-पेन्सिलीनं. पाच-पंचवीस विधानं द्यायची, प्रत्येकापुढच्या आकड्यावर खूण करायला सांगायची आणि बेरीज मारायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण या बेरजांच्या मागेपुढे दक्षिण ध्रुवाकडे निघालेलं जहाज आहे, शेंबूड पुसलेले कागदी रुमाल आहेत, वकिलीच्या परीक्षेनं हैराण झालेली जोडपी आहेत. बघा तरी.

शॅकल्टनची पुण्याई

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठ आहे. तिथल्या कॅथरिन कॉनर आणि जोनाथन डेव्हिडसन या मानसोपचारतज्ज्ञांनी २००३ मध्ये मनाच्या चिवटपणाची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. २५ विधानं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे पैकीच्या पैकी १००. विधानं ठरवताना त्यांनी आधीचं संशोधन तर चाळलंच, शिवाय अर्नेस्ट शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेची हकीकतही विचारात घेतली. १९१५ मध्ये त्याचं ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज बर्फात चिरडून बुडालं आणि तरी जहाजावरचे २८ च्या २८ जण जिवंत परतले. श्रद्धा आणि आशावाद यांना या पट्टीत जागा मिळाली ती त्या हकीकतीमुळेही. त्यामुळे अडचणीत देव किंवा नशीब हात देतं, अशा अर्थाचं एक विधान तिच्यात आहे. देवावर हवाला ठेवणाऱ्याला तिथे गुण मिळतात, पक्क्या नास्तिकाचे तेवढे कापले जातात. नास्तिक मंडळींनी यावर कडकडून भांडायला हरकत नाही.

सर्वसाधारण अमेरिकी माणसांची सरासरी निघाली ८०.४. जबर मानसिक आघात सोसलेल्या रुग्णांचे गुण त्याहून खूपच कमी होते. उपचारांनी ज्यांना बरं वाटलं, त्यांचे गुणही वर सरकले. म्हणजे चिवटपणा हा काही रक्तगट नव्हे, तो बदलतो.

मग २००७ मध्ये चीनमध्ये हीच पट्टी लावली गेली. तिथली सरासरी ६५.४! पंधरा गुणांचा फरक. चिनी माणूस अमेरिकी माणसापेक्षा मनानं पंधरा टक्के लेचापेचा आहे, असं म्हणायचं का? मला तरी हे पटत नाही. ‘मी कोणत्याही संकटाला पुरून उरतो’ असं स्वतःबद्दल छातीठोकपणे लिहायला काही समाजांत कौतुक वाट्याला येतं, तर काही समाजांत तो आगाऊपणा ठरतो. मराठी माणसाला ‘कसं काय?’ विचारलं तर लॉटरी लागलेलाही ‘चाललंय’ म्हणतो आणि दिवाळं निघालेलाही ‘चाललंय’च म्हणतो. त्याला शून्य ते चारमधलं काहीतरी निवड म्हटलं, तर तो दोन किंवा तीन निवडणार हे सांगायला संशोधक नको. गंमत म्हणजे चीनमध्ये या पट्टीचे घटकही वेगळे पडले. अमेरिकेत २५ विधानांचे पाच गट झाले होते, तिथे तीनच झाले.

आज्यांच्या तोंडची भाषा

या पट्टीच्या दहा वर्षं आधी, १९९३ मध्ये, गेल वॅगनिल्ड आणि हेदर यंग यांनी एक पट्टी आणली होती. तिचं मूळ मला सगळ्यांत आवडतं. आयुष्यात मोठा घाव सोसूनही नीट सावरलेल्या २४ वयस्कर स्त्रियांशी त्या आधी बोलल्या आणि त्या बोलण्यातूनच विधानं वेचली. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. कर्त्या बायका स्वतःबद्दल काय म्हणतात ते ऐकलं आणि त्याला एक ते सात गुण लावले.

‘हो हो’ म्हणणाऱ्यांचा बंदोबस्त

काही माणसं काहीही विचारलं तरी मान डोलावतात. प्रश्नावलीतही तसंच करतात, सगळीकडे ‘सहमत’वर टिकमार्क. त्यांच्यासाठी ब्रूस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आपल्या छोट्या पट्टीत सापळा लावला आहे. सहाच विधानं, पण तीन सुलटी आणि तीन उलटी. एकात तुम्ही चटकन सावरता का, तर पुढच्यात तुम्हाला सावरायला जड जातं का. दोन्हींना ‘हो’ म्हणालात की तुमचे गुण मधोमध लटकतात, ना इकडे ना तिकडे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पायऱ्यांची पद्धत १९३२ ची, रेन्सिस लिकर्ट यांची. आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांतसुद्धा त्यांना ‘लायकर्ट’ म्हणतात. ते ‘लिकर्ट’ आहेत.

मदत नको, खात्री सांगा

पुन्हा ड्यूक विद्यापीठ. कॉनर-डेव्हिडसन यांच्या पंधरा वर्षं आधी, १९८८ मध्ये, ग्रेगरी झिमेट आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच २७५ विद्यार्थ्यांवर दुसरी एक पट्टी तपासून पाहिली होती. तिचा विषय चिवटपणा नव्हे, तर आधार. बारा विधानं, एक ते सात गुण, चार-चारचे तीन गट: घरचे, मित्र आणि ‘खास व्यक्ती’. ही खास व्यक्ती कोण, हे पट्टी सांगत नाही. नवरा असेल, प्रेयसी असेल, मावशी असेल, गुरुजी असतील. वाचणाऱ्यानं मनातल्या मनात ठरवायचं आणि पुढे जायचं. त्या विद्यार्थ्यांत घरच्यांना सरासरी ५.८० मिळाले आणि मित्रांना ५.८५. वसतिगृहात राहणाऱ्या पोरांच्या आयांनी एवढ्यावर मनाला लावून घेऊ नये, फरक नगण्य आहे.

यातली खरी मेख वेगळीच आहे. ही पट्टी ‘गेल्या महिन्यात तुम्हाला कोणी किती मदत केली?’ असं विचारतच नाही. गरज पडली तर कोणी धावून येईल असं तुम्हाला वाटतं का, एवढंच ती विचारते. मिळालेला आधार आणि वाटणारा आधार एकच, असं आपण धरून चालतो. पण २००७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोट बांधून पाहिली, तर या दोहोंतला सहसंबंध सरासरी ०.३५ निघाला. एक म्हणजे तंतोतंत जुळणारे आणि शून्य म्हणजे एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले. त्या मानानं ०.३५ म्हणजे लांबचे नातेवाईक. पदरात भरपूर मदत पडूनही ‘माझं कोणी नाही’ म्हणणारे असतात आणि वर्षानुवर्षं कोणाकडे काही न मागताही निर्धास्त असणारे असतात. मनाच्या स्वास्थ्याशी घट्ट नातं आहे ते या दुसऱ्या गोष्टीचं, वाटण्याचं.

कळली नाही ती मदत सर्वांत चांगली

नियाल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये फार खट्याळ प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क राज्याच्या वकिलीच्या परीक्षेला बसणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार, दोघांनी रोज वेगवेगळी डायरी लिहायची. उमेदवारानं लिहायचं, आज जोडीदाराकडून आधार मिळाला का. जोडीदारानं लिहायचं, आज आधार दिला का. मग संशोधकांनी दोन्ही डायऱ्या शेजारी ठेवून ताळा घेतला. ज्या दिवशी जोडीदार लिहितो ‘दिला’ आणि उमेदवार लिहितो ‘नाही मिळाला’, त्या दिवसांनंतर उमेदवाराचं मन सर्वांत हलकं होतं! दिलेली आणि लक्षातही आलेली मदत तेवढी लागू पडत नव्हती, कधी उलटतही होती. कारण उघड आहे. ‘तू अभ्यास कर, सगळं मी बघते’ असं बजावून सांगितलं की अभ्यासाच्या ताणावर उपकाराचं ओझं चढतं. न सांगता चहाचा कप टेबलावर ठेवला आणि गॅसचा नंबर लावून टाकला, तर त्याची नोंद कोण घेतो? नसेना का घेत.

याच्याच जवळचं आणखी एक. शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की अडचण उघड सांगून सल्ला मागणं युरोपीय वंशाच्या अमेरिकनांना मानवतं, पण आशियाई वंशाच्या लोकांचा ताण त्यानं वाढतो. त्यांना आपल्या माणसांची नुसती आठवण काढल्यानं, त्यांच्यात असल्याच्या जाणिवेनं बरं वाटतं. कट्ट्यावर दोन तास बसून क्रिकेट आणि राजकारण बोलून घरी परतणारी आपल्याकडची मंडळी मनातलं दुखणं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या बायका वैतागतात. त्या अभ्यासात मराठी माणसं नव्हती, तरी मंडळींच्या बाजूनं तो पुरावा म्हणून सादर करता येईल.

शेंबूड तोलणारे शास्त्रज्ञ

आता या गुणांचा शरीरावर काही परिणाम होतो का? पिट्सबर्गमधले शेल्डन कोहेन यांनी याची शहानिशा ज्या तऱ्हेनं केली, ती सविस्तर सांगायलाच हवी.

त्यांनी २७६ धडधाकट स्वयंसेवक जमवले. आधी प्रत्येकाच्या नात्यांची यादी केली. जोडीदार, आईवडील, सासूसासरे, मुलं, इतर नातलग, शेजारी, मित्र, सहकारी, देवळा-चर्चमधली मंडळी, समाजकार्यातले सोबती अशा बारा प्रकारांपैकी किती प्रकारच्या माणसांशी तुम्ही पंधरवड्यातून एकदा तरी बोलता? मग प्रत्येकाच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि त्यांना विलगीकरणात ठेवलं. कोणाला किती सर्दी झाली हे ‘मला बरं वाटत नाही’ या तक्रारीवर ठरवायचं नव्हतं. त्यामुळे प्रत्येकानं वापरलेले कागदी रुमाल बंद पिशव्यांत गोळा करायचे, तराजूवर ठेवायचे आणि पिशवीचं व कोऱ्या रुमालांचं वजन वजा करायचं. उरेल तो शेंबूड, ग्रॅममध्ये. शिवाय नाकाच्या पुढच्या भागात रंगाचा थेंब टाकून तो घशाशी पोहोचायला किती मिनिटं लागतात तेही पाहायचं. नाक चोंदलं असेल तर वेळ जास्त. पोटच्या पोराचं नाक पुसायला नाक मुरडणाऱ्यांनी या संशोधन-सहायकांना मनोमन नमस्कार करावा.

निकाल १९९७ मध्ये छापून आला. विषाणू सगळ्यांच्या नाकात सारखाच गेला होता. पण एक ते तीनच प्रकारची नाती असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका, सहा किंवा अधिक प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. इथे महत्त्वाचं ठरलं ते नात्यांचं वैविध्य. दहा मित्र असण्यापेक्षा दोन मित्र, एक शेजारी, भजनी मंडळातले कोणी आणि एक सासू असलेली बरी.

कोहेन इथे थांबले नाहीत. २०१५ च्या अभ्यासात ४०४ जणांना त्यांनी १४ संध्याकाळी फोन करून विचारलं, आज कोणाशी भांडण झालं? आज कोणी मिठी मारली? नंतर पुन्हा तेच, नाकात थेंब. भांडणांमुळे विषाणूची लागण वाढते, पण ज्यांना आधाराची खात्री होती त्यांच्यात हा परिणाम दिसेना. आणि त्या संरक्षणाचा जवळपास एक तृतीयांश वाटा मिठ्यांचा निघाला.

टेकडीचा चढ मित्रागणिक बदलतो

सिमोन श्नॉल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना एका टेकडीच्या पायथ्याशी उभं करून तिचा चढ किती ते सांगायला सांगितलं. एकट्यानं उभ्या असलेल्यांना तो जास्त वाटला आणि मित्र शेजारी असलेल्यांना कमी. मैत्री जितकी जुनी तितका चढ सौम्य. प्रयोगात माणसं थोडी होती, तेव्हा त्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण रविवारी घोळक्यानं सिंहगड चढणाऱ्या पुणेकरांना हा निष्कर्ष फुकटात पटेल.

जेम्स कोन यांच्या २००६ च्या प्रयोगात १६ विवाहिता मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपल्या होत्या आणि त्यांना घोट्याला विजेचा हलका झटका बसण्याची धमकी होती. नवऱ्यानं हात धरला की मेंदूतली धोक्याची घंटा मंदावायची. परक्या माणसानं धरला तरी थोडी मंदावायची, पण नवऱ्याइतकी नाही. संसारात समाधान जास्त असलेल्या बायकांच्या मेंदूवर परिणाम जास्त. स्कॅनरनं संसाराची प्रत ठरवायची वेळ अजून आलेली नाही, एवढंच नवरे मंडळींचं नशीब.

स्वतःचं लग्न ४३, मुलीचं ४९

चिवटपणा मोजायचा तर आधी संकटं मोजायला हवीत. १९६७ मध्ये सिॲटलचे थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, सासरच्यांशी खटके २९, साहेबाशी बिनसणं २३, सुट्टीवर जाणं १३. होय, सुट्टीचाही ताण येतो. कोहेन यांच्या यादीत सर्दी रोखणारे सासूसासरे या यादीत ताण वाढवणारे आहेत. दोन्ही खरं असू शकतं.

भारतात गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ५१ घटनांची देशी यादी केली. जोडीदाराचा मृत्यू ९५. लग्न किंवा साखरपुडा ४३, पण मुलीचं किंवा जबाबदारी असलेल्या बहिणीचं लग्न ४९. स्वतः बोहल्यावर चढण्यापेक्षा मांडव घालणं जड, हे कार्यालयाचं बुकिंग, आहेर आणि केटररचा हिशेब केलेल्या कुठल्याही बापाला विचारा. सहलीला किंवा तीर्थयात्रेला जाण्याचे २० गुण आहेत.

संकटं किती असावीत? मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २,३९८ अमेरिकनांची माहिती तपासली. आयुष्यात फार आपत्ती आलेल्यांची मनःस्थिती बरी नव्हती हे अपेक्षितच होतं. पण एकही आपत्ती न आलेल्यांचीही तितकीशी बरी नव्हती. मोजके टक्केटोणपे खाल्लेले सर्वांत ठीक होते.

चाळीस वर्षांची मोजणी

पाच मिनिटांच्या प्रश्नावल्यांच्या दुसऱ्या टोकाला एमी वर्नर आहेत. हवाई बेटांतल्या काउई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांमागे त्या आणि त्यांच्या सहकारी चाळीस वर्षं लागल्या. गरिबी, व्यसनी किंवा आजारी पालक, घरातली भांडणं अशी अनेक विघ्नं एकदम वाट्याला आलेली मुलं त्यांनी वेगळी काढली. ती सारी वाया जातील असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं कर्तीसवरती, प्रेमळ माणसं झाली. त्या मुलांच्या आयुष्यात कोणी ना कोणी जीव लावणारं मोठं माणूस होतं. आईबाप नसतील तर आजी, मामा, शेजारीण, शाळेतल्या बाई. उरलेल्या दोन तृतीयांशांतलीही बरीच जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागली. अठराव्या वर्षी त्यांना शंभरपैकी गुण देऊन निकाल लावून टाकला असता, तर तो साफ चुकला असता.

गोवा आणि अमरावती

जीव लावणारं माणूस आपोआप मिळालं नाही, तर ते तयार करता येतं का? गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेनं हे करून पाहिलं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातली २४ आरोग्य केंद्रं आणि दवाखाने निवडले. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना भेटायला डॉक्टरी शिक्षण नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक बसवले. २०१० मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, समुपदेशक नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. खासगी डॉक्टर आधीच पेशंटच्या घरादाराला ओळखून असतो, त्यामुळे असेल, असा माझा तर्क.

पुढे विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. तिथेही कामाचा कणा गावपातळीवरचे प्रशिक्षित लोकच होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

आणि आधार घेण्यापेक्षा देणारा फायद्यात राहतो, असंही दिसतं. मिशिगनमधल्या स्टेफनी ब्राउन यांनी ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला. शेजारी-नातलगांच्या कामाला धावून जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. नुसता आधार घेणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही. शेजारच्या काकांना बँकेत सोडायला कुरकुरत जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मग खरी पट्टी कोणती?

२०११ मध्ये ब्रिटनच्या जिल विंडल आणि सहकाऱ्यांनी चिवटपणाच्या १५ मोजपट्ट्या एकत्र घासूनपुसून पाहिल्या. सर्वमान्य म्हणावी अशी एकही सापडली नाही. या पट्ट्या टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नव्हे. हजार लोकांच्या गटाची सरासरी काढायला, उपचाराआधीची आणि नंतरची तुलना करायला त्या उत्तम आहेत. एकट्यादुकट्या माणसाला त्यांच्यावरून पास-नापास करायला त्या बनवलेल्याच नाहीत. कंपनीच्या एचआरनं भरती करताना असा कागद पुढे केला, तर हे त्यांना जरूर ऐकवा. आणि व्हॉट्सॲपवर ‘तुमचं मन किती खंबीर? फक्त सात प्रश्न!’ आलं, तर खुशाल सोडवा, करमणूक म्हणून. गुण कमी पडले म्हणून झोप उडवून घेऊ नका आणि पैकीच्या पैकी पडले तर ग्रुपवर टाकू नका.